नागपूरची खेप वाया जाऊ नये म्हणून: लघवीच्या पिशवीची तपासणी कशी करून घ्यावी

एसटीत 31 वर्षं कंडक्टरकी केली. त्यातली निम्मी यवतमाळ-नागपूर लाइनवर गेली. कळंब, देवळी, वर्धा, सेलू, केळझर, बुटीबोरी. कुठल्या स्टँडवरची मुतारी धड आहे आणि कुठल्या मुतारीत नाक धरून जावं लागतं, हे मला तिकिटाच्या टप्प्यांइतकं पाठ. एवढं असून मी स्वतः दाबून धरायचो. गाडी भरलेली, सुट्ट्यांची बोंब, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायचं राहिलेलं. लघवीला कोण उतरतो? रिटायर झालो आणि तीन-चार वर्षांत सगळं उलटं झालं. आता गाडी नाही, घाई नाही, संडास अंगणातच आहे, आणि मी आत जाऊन उभा राहतो तर धार सुरूच होत नाही. बाहेरून नातू ओरडतो, "आबा, झोपले का?"

दाबून धरल्यामुळे प्रोस्टेट, म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या वाटेभोवतीची ग्रंथी, वाढली का, हे मी डॉक्टरांना पहिल्यांदा विचारलं. ते म्हणाले, प्रोस्टेट वयाने वाढते, एसटीने नाही. दाबून धरायची सवय वाईटच, पण त्या गाठीचा दोष तिच्यावर टाकू नका.

गावात पारावर गुडघ्यांचं बोलतात, साखरेचं बोलतात, मूळव्याधीचंही बोलतात. लघवीचा विषय मात्र हसण्यावारी जातो. त्यामुळे कोणी काही सांगितलं नाही आणि मी जे काम दोन खेपांत झालं असतं त्याला तीन खेपा केल्या. वाया गेलेली खेप बरीचशी माझ्याच चुकीने गेली. ती तुमची जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट. "नळी घालतात" एवढं ऐकूनच आमच्याकडची माणसं दवाखान्याची वाट सोडतात. नळ्यांची तपासणी सगळ्यांना लागत नाही. बहुतेकांचं काम लघवीची साधी तपासणी, साखर, सोनोग्राफी आणि धार मोजायचं मशीन यांवर भागतं. पुरुषांना प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्ताची तपासणीही सांगतात. नळ्यांची, म्हणजे युरोडायनॅमिक तपासणी डॉक्टर कधी सांगतात? औषध घेऊन फरक पडत नाही तेव्हा. ऑपरेशन करावं की नाही याची शंका असते तेव्हा. साखर जुनी आहे, पाठीच्या मणक्याला मार लागला आहे किंवा लकवा होऊन गेला आहे, अशा माणसाला. आणि खोकलताना-हसताना लघवी सुटणाऱ्या बायांना, ऑपरेशनच्या आधी.

दोन माणसांनी मात्र या सगळ्याची वाट पाहू नये. ज्याची लघवी पूर्ण अडली आहे आणि पोट खाली ताठ झालं आहे, त्याने त्याच रात्री जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं. तिथे नळी टाकून पिशवी मोकळी करतात, तपासण्या मागून. आणि ज्याच्या लघवीतून न दुखता रक्त गेलं, त्यातही तो बिडी ओढणारा असेल, तर "उष्णता झाली" म्हणून धण्याचं पाणी पीत बसू नये. त्याला दुर्बिणीने पिशवी आतून पाहायला सांगतात, ती वेगळी तपासणी आहे, आणि ती लवकर झालेली बरी.

खरं बोलायला सुरुवात घरून

पहिल्या भेटीत डॉक्टर सात प्रश्न विचारतात. झाल्यावर लघवी उरल्यासारखी वाटते का? दोन तासांच्या आत परत जावं लागतं का? मध्येच तुटते का? आली की दम धरवत नाही का? धार बारीक आहे का? सुरू व्हायला जोर लावावा लागतो का? रात्री कितीदा उठता? प्रत्येकाला 0 ते 5 गुण. बेरीज 7 पर्यंत असली तर त्रास थोडा, 8 ते 19 मधला, 20 किंवा त्याच्या वर गेली की जास्त.

मी त्या कागदावर खोटं बोललो. बाजूला मुलगा बसला होता. रात्री कितीदा, तर म्हटलं एकदा, कधी दोनदा. बायको मागच्या खुर्चीवर होती. ती डॉक्टरसमोरच म्हणाली, "काय बोलून राहिले तुमी? काल पाच खेपा उठले. मी मोजत होती ना." माझी बेरीज 18 वरून एकदम 22 वर गेली. तेव्हा पोराला चहा प्यायला पाठवा आणि बायकोला जवळ बसवा. रात्रीचा हिशेब तिच्याकडे जास्त चोख असतो.

त्यानंतर येते डायरी. ही तपासणी घरीच करायची, तिला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कामाची तीच आहे. तीन दिवस. किती वाजता काय आणि किती प्यालो, किती वाजता लघवी झाली, किती मिली झाली, घाई झाली का, कपडे ओले झाले का. झोपायला किती वाजता गेलो आणि उठलो किती वाजता, हेही. वही कोणतीही चालते. मी जुन्या डायरीची कोरी पानं वापरली.

अडचण येते मापाची. माझा मुलगा कोठ्यातून फवारणीचं माप घेऊन आला, त्यावर मिलीच्या रेषा चांगल्या होत्या. बायकोने ते त्याच्या हातून हिसकून बाहेर फेकलं. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जी माणसं गेली, तेव्हापासून आमच्या घरात फवारणीच्या भांड्याला उंबरठ्याच्या आत जागा नाही, आणि तेच बरोबर आहे. मग आम्ही असं केलं: प्लॅस्टिकचा एक लिटरचा नवा मग घेतला, रुंद तोंडाचा. 250 मिलीची पाण्याची बाटली विकत मिळते, ती पूर्ण मगात ओतली आणि जिथवर पाणी आलं तिथे सुनेने नखपॉलिशने रेघ मारली. दुसरी बाटली ओतली, दुसरी रेघ 500 ची. मधल्या रेघा अंदाजाने. दहा-वीस मिली इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. मग संडासातच ठेवायचा, त्याला वेगळा रंग घ्यायचा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं की हा मग कशाचा आहे. आमच्याकडे पाहुणा आला होता, जास्त सांगत नाही.

डायरीचे तीन दिवस निवडताना डोकं वापरा. मे महिन्यात, लग्नाच्या वरातीत, उन्हात घाम गळत असताना लिहिलेली डायरी खोटी निघते. पाणी सगळं अंगातून जातं. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास नको. कापूस वेचणीच्या गर्दीतला दिवसही नको. रोजच्यासारखं खा, रोजच्यासारखं प्या. डायरी आहे म्हणून कोणी जास्त पाणी पितं, कोणी चहा सोडतं. मग डॉक्टरला तुमचा खरा दिवस दिसतच नाही.

आता यातून काय कळतं ते पाहा. चांगल्या पिशवीत साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते, आणि पहिली जाणीव 150 ते 200 च्या आसपास होते. माझ्या वहीत दिवसभर 120, 150, 90, 180 असे आकडे होते. म्हणजे पिशवी थोडी थोडी सोडत होती. शेजारचे एक काका माझं पाहून डायरी लिहायला लागले. त्यांचं वेगळंच निघालं: दिवसा ठीक, आणि रात्रीच्या चार लघव्या प्रत्येकी 300-350. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्याच हिशेबात धरायची असते. ती धरली तर चोवीस तासांतली निम्म्याहून जास्त लघवी त्यांना रात्रीच होत होती. साठी-पासष्टीच्या पुढे एक तृतीयांशाच्या वर गेली की डॉक्टर प्रोस्टेटच्या पलीकडे पाहायला लागतात: पायाला सूज, हृदय, साखर, झोपेतलं घोरणं, झोपताना प्यालेलं तांब्याभर पाणी. काकांचं काम वहीवरच झालं, नागपूरपर्यंत जायची गरजच पडली नाही.

माझी वाया गेलेली खेप

धार मोजायच्या मशीनला युरोफ्लो म्हणतात. दिसायला अगदी साधं असतं: स्टँडवर नरसाळं, खाली भांडं, भांड्याखाली वजनकाटा, आणि एक वायर कॉम्प्युटरला गेलेली. तुम्ही नरसाळ्यात लघवी करता, काटा दर सेकंदाला किती पडली ते मोजतो आणि कागदावर आलेख निघतो. बायांसाठी त्यावर खुर्ची ठेवतात, बसूनच करायची. सुई नाही, नळी नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पिशवी भरून या." मी म्हटलं, कंडक्टरला हे काय शिकवता? घरून तांब्याभर पाणी पिऊन निघालो. देवळीला प्रेशर आलं, धरलं. बुटीबोरीला घाम फुटला, तरी धरलं. गणेशपेठ स्टँडवर उतरून रिक्षाने तिथे पोहोचलो तर पुढे रांग. काउंटरवरच्या मुलीला सांगायची लाज वाटली. दोन तास पायावर पाय टाकून बसलो. नंबर लागला तेव्हा पोटात कळ होती आणि लघवी येईना. कशीतरी थेंबथेंब झाली, 600 च्या वर. आलेख पाहून तिथला टेक्निशियन म्हणाला, "काका, घरी एका वेळी एवढी होते का तुम्हाला?" म्हटलं, नाही, दीडशे-पावणेदोनशे. तो म्हणाला, मग हा आलेख तुमचा नाहीच, पिशवी ताणून ताणून थकल्याचा आहे. पुन्हा यावं लागेल.

तर नियम असा. कमीत कमी 150 मिली झाली पाहिजे, त्याच्या खाली आलेखाचा भरवसा नाही. आणि फाटेस्तोवर भरलेली पिशवीही नको, तिचीही धार मरतेच. घरी तुम्ही उठून संडासकडे जाता तेवढंच प्रेशर आलं की सांगायचं. लांबून येणाऱ्याने हे असं करावं: गाडीत बसायच्या आधी लघवी करून रिकामं व्हा. तिथे पोहोचल्यावर आधी नाव लिहा, नंबर किती वेळाने आहे ते विचारा, आणि त्या हिशेबाने तासभर आधी दोन-तीन ग्लास पाणी प्या. प्रेशर लवकर आलं तर काउंटरवर जाऊन मोठ्याने सांगा. तिथली माणसं दिवसभर हेच ऐकतात. लाज फक्त आपल्यालाच वाटते. ज्याला हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्याने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय ढसाढसा पाणी पिऊ नये.

नरसाळ्यासमोर उभं राहिलं की सुरुवात करायच्या आधी एक क्षण थांबा, मशीन चालू झालं का विचारा. मग नेहमीसारखी करा. धार एकाच जागी पडू द्या, हलवू नका. चांगला आलेख यावा म्हणून कुंथू नका, मध्ये दाबून सोडू नका. काही लोक परीक्षेत पास व्हायचं म्हणून पोटाने जोर लावतात, आणि ते आलेखात लगेच दिसतं.

झाल्याबरोबर सोनोग्राफीच्या टेबलावर झोपायचं, पिशवीत किती उरली ते पाहायला. "झाल्याबरोबर" म्हणजे मध्ये चहा नाही, फोन नाही. उरलेली 50 मिलीच्या आत असली तर छान. 200-300 च्या पुढे असली तर डॉक्टर गंभीरपणे पाहतात, किडनीला सूज आहे का तेही बघतात.

निरोगी माणसाचा आलेख घंटीसारखा दिसतो, वर चढतो आणि उतरतो. पुरुषाचा सगळ्यात वरचा आकडा सेकंदाला 15 मिलीच्या वर असला तर साधारण ठीक, 10 च्या खाली असला तर काहीतरी अडलं आहे किंवा पिशवीच कमजोर आहे. एकदम सपाट पाटासारखा असला तर मूत्रमार्ग आकसल्याची शंका घेतात. दुसऱ्या खेपेला माझा आला तो आमच्या शेताच्या धुऱ्यासारखा: बुटका, लांबलचक, वर खडबडीत. सगळ्यात वर 7. झाली 190, उरली 180.

नळ्यांची तपासणी का लागली

माझ्या साडूचा आलेखही अगदी असाच होता. त्याचा आकडा 6. आम्ही दोघं एकाच वयाचे, दोघांचीही धार मेलेली, दोघांनाही रात्री झोप नाही. साडू म्हणायचा, "शेजाऱ्यानं ऑपरेशन केलं तं त्याची धार पाय कशी चालते! मले काहून नाई करून देत हे?" त्याचं उत्तर युरोफ्लोजवळ नाही. धार बारीक आहे एवढंच ते सांगतं. नळ अर्धा बंद आहे की टाकीलाच जोर नाही, हे त्याला कळत नाही. ते कळायला आत दाब मोजावा लागतो.

या तपासणीची तारीख मिळाली की तयारी आठवडाभर आधीपासून. पहिलं म्हणजे युरिन कल्चर. लघवीत जंतू असताना नळी घालत नाहीत, तारीख पुढे जाते. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तो पाच-सहा दिवस आधी, आपल्या तालुक्याच्या लॅबमध्येच जाऊन द्या. जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लगेच द्यायची. घरून बाटलीत भरून तीन तास एसटीत हिंदकळत नेलेली लघवी कल्चरच्या कामाची नसते, तिच्यात वाटेतच जंतू वाढतात.

दुसरं, गोळ्यांची यादी. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, पिशवी शांत करायची सोलिफेनासिन किंवा ऑक्सिब्युटिनिन, रक्त पातळ करायची, साखरेची, सगळी. काही गोळ्या तपासणीआधी बंद करायला सांगतात, काही चालू ठेवायला. आपल्या मनाने एकही बंद करू नका. आणि सर्दीची म्हणून मेडिकलवरून आणलेली गोळीही सांगा. तिच्यामुळेही लघवी अडते, हे मला माहीतच नव्हतं.

तिसरं, पोट साफ असलं पाहिजे, कारण एक नळी मागच्या बाजूनेही जाते. बद्धकोष्ठ असेल तर दोन-तीन दिवस आधी डॉक्टरला सांगा. आदल्या रात्री जुलाब घेऊन दुसऱ्या दिवशी एसटीत बसायचं धाडस करू नका. हे मी प्रवासी म्हणून नाही, कंडक्टर म्हणून सांगतो. उपाशी जायची गरज सहसा नसते, भूल देत नाहीत. साखरवाल्याने तर खाऊनच जावं. बाईची पाळी चालू असेल तर फोन करून तारीख बदलून घ्यावी, दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगावं. आणि "नर्स बाई आत असेल ना?" हे विचारायला हरकत नाही.

पैशांचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात आणि खासगीत बराच फरक आहे, खासगीत काही हजार जातात. तारीख घेतानाच रक्कम विचारा आणि सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवाच. वयाच्या पुराव्याला आधार एसटीतही कामी येतं: 65 च्या वर अर्धं तिकीट, 75 च्या वर फुकट. बायांना कोणत्याही वयात अर्धं.

सोबतच्या थैलीत काय न्यायचं? जुने रिपोर्ट, डायरीची वही, लुंगी, आतल्या कपड्यांचा एक जादा जोड, टॉवेल, पाण्याची बाटली. पँट घालून गेलो होतो, त्याचा पश्चात्ताप झाला. लुंगी बरी.

आत काय होतं

खोली थंड होती. आधी युरोफ्लोवर एकदा लघवी करायला लावली. मग टेबलावर झोपवून सुन्न करायची जेली सोडली आणि दोन-तीन मिनिटं थांबले. ती थांबू द्या, घाई करू नका. नंतर बारीक नळी लघवीच्या वाटेने पिशवीत. मी जी नळी वॉर्डात अडलेल्या माणसांना लावलेली पाहिली होती, तिच्या मानाने ही फारच बारीक, वायरीएवढी. गाठीच्या जागी आली तेव्हा जळजळलं. तिथे श्वास धरू नका, तोंडाने सोडा आणि लघवी करायला गेल्यासारखं अंग सैल करा, ती निसटते. दुसरी नळी मागून, बोटभर आत. तिचं दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. दोन्ही चिकटपट्टीने मांडीला चिकटवल्या.

दुसरी नळी कशाला, असं मी विचारलं. पिशवीतल्या नळीला दोन दाब एकत्र कळतात: पिशवीचा स्वतःचा आणि वरून पोटाने दाबलेला. मागची नळी फक्त पोटाचा दाब सांगते. पहिल्यातून दुसरा वजा केला की पिशवीचा खरा जोर उरतो. मला हे लगेच समजलं. गाडीतली एकूण डोकी मोजायची, त्यातून पासवाले वजा करायचे, उरले ते तिकीटवाले. पासवाल्यांचा आकडा चुकला तर वेबिल जुळत नाही. म्हणूनच ते दर मिनिटाला म्हणतात, "काका, खोका." खोकल्यावर दोन्ही रेघा सारख्या उडाल्या पाहिजेत, म्हणजे नळ्या जागेवर आहेत. इमानदारीने खोका, आणि सांगितलं नसताना हलू-बोलू नका, प्रत्येक हालचालीची रेघ उमटते.

मग सलाइन सुरू. बाटलीतून पिशवीत, हळूहळू. आतून गार वाटतं. आता तुमचं एकच काम असतं: काय वाटतं ते वेळेवर सांगणं. पहिल्यांदा काही आहे असं कळलं तेव्हा सांगा. घरी असतो तर आता उठलो असतो असं वाटलं तेव्हा सांगा. आता धरवत नाही असं झालं तेव्हा सांगा. तिन्ही वेळचा आकडा ते लिहून घेतात. इथे मर्दानगी दाखवू नका. मी आधी दाखवली होती ती खेप तुम्ही वाचलीच.

भरताना मधूनच पिशवीची रेघ आपोआप वर उसळली, तर पिशवी हुकुमाशिवाय आकुंचन पावते आहे असं समजतात. बेल न देता ड्रायव्हरने गाडी सोडावी, तसं. ज्यांना लघवी आली की दाराशी पोहोचेपर्यंत दम निघत नाही, त्यांच्यात हे दिसतं.

राळेगावकडे दिलेली माझी बहीण हीच तपासणी करून आली. तिचं दुखणं वेगळं: खोकलली की सुटते, डोक्यावर गाठोडं घेतलं की सुटते. पाच-सहा वर्षं तिने कोणाला सांगितलं नाही. वेचणीला जाताना पाणीच प्यायची नाही, वावरात आडोसा नाही म्हणून आणि कपडे ओले होतील म्हणून. तिला पिशवी भरल्यावर उभं करून जोरात खोकायला लावलं, आणि ती सगळा जीव एकवटून थांबवत राहिली. नर्स बाईने तिला कानात सांगितलं, "मावशी, इथं सुटू द्या. इथं सुटली नाही तर डॉक्टर पाहतील काय?" बायांनो, त्या टेबलाजवळ फरशी ओली झाली तर तपासणी बरोबर झाली असं समजा.

सगळ्यात अवघड शेवटचं. पिशवी पूर्ण भरली की म्हणतात, "आता करा." नळ्या तशाच, समोर मशीन, खोलीत तीन माणसं. मला येईना. जन्मभर झाडामागे, गाडीच्या चाकामागे मोकळा झालेला माणूस मी, तिथे अडलो. मी म्हटलं, सगळे जरा बाहेर जा आणि तो नळ थोडा सोडून ठेवा. ते गेले. नळाच्या आवाजात दोन मिनिटांनी सुरू झाली. हे मागायचं असतं. ते स्वतःहून सुचवतीलच असं नाही. तरीही नाही झाली तर तसं लिहितात, त्यात नापास काही नाही.

आत गेल्यापासून लुंगी परत नेसेपर्यंत पाऊण तास झाला असेल.

रिपोर्टवर पंधरा आकडे असतात, त्यातले दोन शोधा: धार सर्वांत जास्त असतानाचा पिशवीचा दाब, आणि ती धार. पुरुषांसाठी डॉक्टर एक साधा हिशेब करतात: दाबातून धारेची दुप्पट वजा करायची. उत्तर 40 च्या वर आलं तर वाट अडलेली आहे, 20 च्या खाली आलं तर अडलेली नाही. माझा दाब 78, धार 7. वजा 14, उरले 64. म्हणजे पिशवी जीव तोडून ढकलते आहे आणि पुढे दार अर्धं बंद. साडूचा दाब 18, धार 6. वजा 12, उरले 6. त्याचं दार उघडंच होतं. वीस वर्षांच्या साखरेने पिशवीची जाणीव आणि जोर दोन्ही गेले होते. गाठ काढूनही त्याची धार फारशी सुधारली नसती. त्याला दिवसातून चार वेळा स्वतः बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवलं. आधी ऐकूनच उठून गेला होता. आता वावरात जाताना डब्यासोबत नळीचा डबाही नेतो.

तपासणी झाल्यावर लगेच गाडी पकडू नका. तिथेच दोन ग्लास पाणी प्या, एकदा स्वतःहून लघवी होऊ द्या, मगच निघा. वाटेत अडली तर सेलूच्या स्टँडवर कोणी काही करू शकत नाही. एक-दोन दिवस लघवी करताना जळजळते, कधी गुलाबीसर रंग दिसतो, पाणी पीत राहिलं की जातं. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी बंद झाली, तर रात्र काढू नका. ज्यांनी तपासणी केली त्यांचा फोन नंबर निघतानाच कागदावर लिहून घ्या, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते.

रिपोर्टची झेरॉक्स काढून अस्सल प्रत घरी ठेवा. युरोफ्लोचा कागद काही मशीनवर गुळगुळीत कागदावर निघतो, वर्षभरात तो कोरा होतो. त्याची झेरॉक्स तर त्याच दिवशी. पुढे औषधाने किंवा ऑपरेशनने फरक पडला का हे याच कागदाशी जुळवून पाहतात.

आणि परतीच्या प्रवासात खिशात पाच-दहाचे सुट्टे ठेवा. स्टँडवरच्या पैशांच्या संडासात शंभराची नोट कोणी मोडून देत नाही, आणि नळ्या काढल्यावर पहिले दोन-तीन तास घाई फार होते. कंडक्टरला मागाल तर तोही देणार नाही. मी तरी कुठे देत होतो.